टाकी तापते, पण बंध ऊर्जेचा हिशेब म्हणतो उष्णता नाहीच. हे कसं?

बांधावरून
नमस्कार मंडळी. विषय रसायनशास्त्राचा आहे, पण निमित्त शेतीचं. दिंडोरी तालुक्यात आमची वाईन द्राक्षांची बाग आहे, माल करारावर जातो. तोडणीच्या दिवसांत वायनरीत जाणं होतं, त्यामुळे एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे. रस आंबायला लागला की टाकी तापते. कूलिंग बंद पडलं तर तिथल्या लोकांची धावपळ बघण्यासारखी असते.

लेक यंदा बारावीला. क्लासमध्ये बंध एन्थाल्पीवरून (म्हणजे बंध ऊर्जा, एकेक बंध तोडायला लागणारी ऊर्जा) अभिक्रियेची उष्णता काढायला शिकवलं. मिथेनची, हायड्रोजन-क्लोरीनची वगैरे गणितं झाली. मग तिला वाटलं की आपल्या द्राक्षाचंच गणित करून बघू. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. तिच्याकडच्या तक्त्यातले आकडे असे (सगळे किलोज्यूल प्रति मोल; सी म्हणजे कार्बन, एच हायड्रोजन, ओ ऑक्सिजन, आणि = म्हणजे दुहेरी बंध):

सी-सी ३४७, सी-एच ४१३, सी-ओ ३५८, ओ-एच ४६३, सी=ओ ७४५.

तुटणारे बंध, ग्लुकोज कड्याच्या रूपात धरून: सी-सी ५, सी-एच ७, सी-ओ ७, ओ-एच ५. बेरीज ९४४७.
जुळणारे बंध: दोन इथेनॉलचे मिळून ६४६६, दोन कार्बन डायऑक्साइडमधल्या चार सी=ओचे २९८०. बेरीज ९४४६.

तुटणारे वजा जुळणारे = +१.

म्हणजे उष्णता जवळपास शून्य, आणि जी काय आहे ती आत घेतली जातेय! बेरीज मी स्वतः दोनदा तपासली, बरोबर आहे. मग टाकी तापते कशी?

काठावरचा
टाकीनं रसायनशास्त्राला +१ दिलेला पहिल्यांदाच पाहिला. 😄
वाचनखूण साठवली आहे, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

अर्धा कप
मला वाटतं चिन्हाचा घोळ आहे. बंध तुटतो तेव्हा त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते ना? जीवशास्त्रात एटीपीचं (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तेच शिकलो, फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा मिळते. मग तुटणाऱ्यांची बेरीज उष्णता देणारी धरायला हवी. अर्थात इथे दोन्ही बेरजा जवळपास सारख्याच, त्यामुळे चिन्ह फिरवून उणे एकच येईल, हा भाग वेगळा.

फळा-खडू
अर्धा कप, हे वाक्य मी नाशिकरोडला शिकवत होतो तेव्हापासून ऐकतोय. ते जिथून येतं तिथे जाऊन एकदा पुसून टाकायला हवं. बंध तोडायला ऊर्जा *लागते*. नेहमी. अपवाद नाही. दोन अणू एकत्र राहिले याचाच अर्थ वेगळे राहण्यापेक्षा एकत्र राहून त्यांची ऊर्जा कमी झाली. त्यांना सुटं करायचं तर ती परत भरावी लागणार. एटीपीतसुद्धा फॉस्फेटचा बंध तोडायला ऊर्जा खर्चच होते. पण त्याच वेळी पाण्याबरोबर नवे बंध जुळतात, तयार झालेले तुकडे पाण्यात जास्त स्थिर असतात, आणि तो सगळा व्यवहार एकत्र केला की हातात काही उरतं. उरतं ते व्यवहारातून, तुटण्यातून नाही.

म्हणून सूत्र तेच: तुटणाऱ्यांची बेरीज वजा जुळणाऱ्यांची बेरीज. उत्तर उणे आलं तर उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर पडते.

आता मूळ प्रश्न. बांधावरून, तुमच्या मुलीची बेरीज चोख आहे, अडचण तक्त्यातल्या एका आकड्यात आहे. सी=ओ ७४५ हा आकडा अल्डिहाइड, कीटोन अशा संयुगांवरून काढलेली सरासरी आहे. कार्बन डायऑक्साइडमधला सी=ओ त्या कुळातला नाही. तिथे एकाच कार्बनला दोन्ही बाजूंनी ऑक्सिजन, इलेक्ट्रॉन तिन्ही अणूंवर पसरलेले, त्यामुळे बंध जास्त घट्ट. त्याची किंमत ७९९. चांगल्या तक्त्यांत "कार्बन डायऑक्साइडमध्ये" असं लिहून हा आकडा वेगळा दिलेला असतो. तिला चार सी=ओ ७९९ नी धरायला सांगा.

बांधावरून
केलं सर. चार गुणिले ७९९ = ३१९६. जुळणाऱ्यांची बेरीज ९६६२. उत्तर उणे २१५. लेक खूश!

पण तिनं लगेच दुसरं टोक धरलंय. निर्मिती एन्थाल्पीच्या (पदार्थ त्याच्या मूलद्रव्यांपासून बनताना होणारा उष्णतेचा बदल) तक्त्यावरून तीच अभिक्रिया सोडवली: ग्लुकोज उणे १२७३, इथेनॉल उणे २७७.७, कार्बन डायऑक्साइड उणे ३९३.५. उत्तर आलं उणे ६९. एकाच अभिक्रियेचं एकीकडे २१५, दुसरीकडे ६९. चिन्ह जुळलं, पण आकडा तिप्पट. एवढी तफावत चालते का?

काठावरचा
परीक्षेत चालत नाही, एवढं माहीत आहे.

फळा-खडू
परीक्षेत ज्या पद्धतीनं विचारलंय आणि जे आकडे दिलेत, त्यांवरून जे येईल ते बरोबर. काळजी नको. पण तिनं विचारलंय ते परीक्षेच्या पुढचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बंध ऊर्जेचा हिशेब *वायुरूप* रेणूंचा असतो. रेणू एकमेकांपासून लांब, कुणी कुणाला धरलेलं नाही. निर्मिती एन्थाल्पीच्या तक्त्यात मात्र ग्लुकोज घन आहे आणि इथेनॉल द्रव. ग्लुकोजच्या एका रेणूवर पाच ओ-एच, घन साखरेत ते शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी गच्च धरून बसलेले. ते हात सोडवायला ऊर्जा लागते, आणि बंध ऊर्जेच्या तक्त्यात तिची नोंदच नाही. ग्लुकोज तापवून वाफ करायला जाल तर वाफ होण्याआधी ते जळायला लागतं, इतकी ती पकड घट्ट. इथेनॉलमध्येही असे बंध आहेत, पण रेणूमागे ओ-एच एकच. कार्बन डायऑक्साइडमध्ये काहीच नाही, तो उडून जातो. म्हणजे सुरुवातीच्या पदार्थाला जास्त आधार, शेवटच्यांना कमी. म्हणून खरी उष्णता वायुरूप अंदाजापेक्षा कमी भरते. २१५ पासून ६९ कडे जाण्याची दिशा बरोबर आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची. सी-एच ४१३ म्हणजे प्रत्येक सी-एच ४१३ नव्हे. साधा मिथेन घ्या. त्याचा पहिला हायड्रोजन तोडायला सुमारे ४३९ लागतात, शेवटचा सुमारे ३३८ मध्ये सुटतो. चार बंध दिसायला एकसारखे, पण एक गेला की उरलेला रेणू वेगळाच. तक्त्यातला आकडा अशा अनेक संयुगांवरून काढलेला मधला असतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती क्लासमध्ये सहसा सुटते. या पद्धतीतली चूक *टक्क्यांत* मोजू नका, *किलोज्यूलमध्ये* मोजा. साध्या रेणूंतसुद्धा वीस-तीस-चाळीस किलोज्यूल इकडेतिकडे होतात. उत्तर मोठं की लहान, याच्याशी त्याचा संबंध नाही.

इथेनॉल जळण्याचं गणित करून बघा. इथेनॉल ३२३३, तीन ऑक्सिजन १४९४ (ओ=ओ ४९८ धरून), एकूण ४७२७. समोर चार सी=ओ ३१९६ आणि सहा ओ-एच २७७८, एकूण ५९७४. उत्तर उणे १२४७. सगळं वायुरूप धरलं तर खरा आकडा सुमारे उणे १२७८. चूक ३१ किलोज्यूलची, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत! मुलं म्हणतात, वा, काय पद्धत आहे. तेच ३१ किलोज्यूल तुमच्या ६९ वर पडले तर निम्मं उत्तर गिळून टाकतील.

पिंपळगावच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रक घालायचा, मग एक क्रेट उतरवून पुन्हा घालायचा आणि वजाबाकीवरून त्या क्रेटचं वजन सांगायचं, तसा हा प्रकार. साडेनऊ हजारातून साडेनऊ हजार वजा करून शंभरच्या आसपासचा आकडा शोधतोय आपण.

अर्धा कप
एटीपीचं मान्य. चांगलं समजलं, आभार.

मग एक शंका. तक्ते एकमेकांशी का जुळत नाहीत? माझ्या पुतण्याच्या पुस्तकात सी-ओ ३५१ आहे, इथे ३५८, आणि एका ठिकाणी ३६० पाहिलाय.

फळा-खडू
कुणी कुठली संयुगं घेऊन सरासरी काढली, त्यावर ते ठरतं. चूक कुणाचीच नाही. पण या गणितात फरक किती पडतो पाहा. ग्लुकोजमध्ये सी-ओ सात, दोन इथेनॉलमध्ये मिळून दोन, म्हणजे निव्वळ पाच तुटतात. ३५८ च्या जागी ३५१ धरलं की पाच साते पस्तीस, उत्तर थेट उणे २५०. म्हणून एक तक्ता निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

चिलरवाला
उशिरा येतोय, सीझन चालू आहे.

तुम्ही २१५ आणि ६९ यांवर भांडताय, पण टाकीत तिसराच आकडा लागतो. टाकीत घन साखर नसते हो, ती रसात विरघळलेली असते. इथेनॉलही पाण्यात विरघळलेलं. कार्बन डायऑक्साइड तेवढा वायू होऊन वर जातो. विरघळलेल्या अवस्थेचे आकडे घेतले तर ग्लुकोजच्या मोलमागे साधारण उणे १०० किलोज्यूल येतात. आम्ही तोच धरतो.

आता टाकीचा हिशेब. लिटरमागे २०० ग्रॅम साखर धरा. १८० ग्रॅमचा मोल, म्हणजे १.११ मोल, म्हणजे लिटरमागे साधारण १११ किलोज्यूल. एक लिटर रस एक अंश तापवायला अंदाजे ४ किलोज्यूल लागतात. उष्णता कुठेच गेली नाही असं धरलं तर रस २७-२८ अंशांनी चढेल. २० अंशांवर सुरू केलेला रस ४८ ला. यीस्ट त्याच्या बरंच आधी मान टाकतं आणि साखर अर्धवट राहून टाकी अडकते. व्हाईटला आम्ही १२ ते १८ च्या दरम्यान ठेवतो, रेड २५ ते ३० पर्यंत चालते. त्यामुळे व्हाईटच्या टाक्यांना ग्लायकॉल (टाकी थंड ठेवायला फिरवलेलं गार द्रव) जास्त पळवावं लागतं.

बंध ऊर्जेचा २१५ धरला असता तर हाच चढ साठ अंश आला असता. २० वर सुरू करून ८०. तेवढ्यात चहा होईल. 😄

दहा हजार लिटरच्या टाकीत एकूण १११ कोटी ज्यूल, म्हणजे ३०८ युनिटच्या आसपास उष्णता. दहा दिवसांत सारखी वाटली तर सरासरी सव्वा किलोवॉट. पण आंबणं सारखं चालत नाही, मधले दोन-तीन दिवस जोर असतो. चिलर त्या जोराला पुरेल असा घ्यायचा असतो, सरासरी बघून घेतला तर पस्तावाल.

अवांतर पण गरजेचं: त्याच एका लिटर रसातून पन्नास लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. रिकामी केलेली टाकी धुवायला कुणी उत्साहानं आत उतरू नये. वायू मोजल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय तर नाहीच.

काठावरचा
म्हणजे शेवटी बंध ऊर्जा बिनकामाची. निर्मिती एन्थाल्पीचे तक्ते आहेत, हेसचा नियम (वाट कुठलीही असो, एकूण उष्णता तीच) १८४० पासून आहे, सरळ बेरीज-वजाबाकी करा आणि मोकळे व्हा. कशाला पोरांना बंध मोजायला लावायचे?

फळा-खडू
यावर माझं मत थोडं तिखट आहे. निर्मिती एन्थाल्पी *किती* ते अचूक सांगते, पण *का* ते सांगत नाही. उणे १२७३ या आकड्याकडे कितीही बघत बसलात तरी टाकी का तापते हे त्यातून कळणार नाही. आणि ज्या संयुगाचा आकडा अजून कुणी मोजलेलाच नाही, त्याला तक्ता कुठून आणणार? तिथे रचना काढून बंध मोजता येतात.

"का"चं उत्तर तर याच धाग्यात पडलेलं आहे. ७४५ धरलं तेव्हा उत्तर +१ आलं, ७९९ धरलं तेव्हा उणे २१५. बदललं काय? फक्त कार्बन डायऑक्साइडमधला सी=ओ. एका बंधामागे ५४, चार बंधांचे २१६. म्हणजे त्या अंदाजातली अख्खी उष्णता या एका गोष्टीतून आली की कार्बन डायऑक्साइडमधला बंध साध्या सी=ओपेक्षा घट्ट आहे. बाकीचा हिशेब, सी-सी, सी-ओ, ओ-एच तुटणं आणि सी-एच, साधे (७४५ चे) सी=ओ जुळणं, सगळं एकमेकांना फेडून जवळपास शून्यावर आला. मुलीनं "चुकीचा" आकडा धरला म्हणून हे दिसलं. सुरुवातीलाच ७९९ धरला असता तर उणे २१५ लिहून ती पुढच्या गणिताकडे गेली असती.

अर्थात आकडा ढोबळ आहे, त्यामुळे यातून "शंभर टक्के उष्णता इथूनच" असा नियम करू नका. पण यीस्टला साखरेतून जे काही मिळतं, ते मुख्यतः कार्बनला दोन ऑक्सिजनच्या मध्ये बसवून मिळतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

अर्धा कप
हे आवडलं. वेगळा प्रश्न: ग्लुकोज कड्याऐवजी उघड्या साखळीचं धरलं तर? शाळेत तर तशीच रचना काढायचो.

बांधावरून
लेकीनं तेही करून ठेवलंय. साखळीत सी-ओ पाचच, आणि एक सी=ओ. दोन सी-ओचे ७१६ गेले, ७४५ आले. बेरीज ९४७६, उत्तर उणे १८६. तिचं म्हणणं, यावरून साखळी कड्यापेक्षा २९ नी जास्त स्थिर दिसते, मग पुस्तकात ग्लुकोज बहुतेक कड्याच्याच रूपात असतं असं का दिलंय?

फळा-खडू
शाब्बास! पुस्तक बरोबर आहे. पाण्यात साखळीचं रूप एक टक्क्याहूनही खूप कमी असतं. २९ हा त्याच वीस-तीस-चाळीसच्या धुक्यातला आकडा, त्याच्या चिन्हावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही. अजून सोपं उदाहरण द्या तिला: ब्यूटेन आणि आयसोब्यूटेन. दोन्हींत सी-सी तीन, सी-एच दहा. बंध ऊर्जेच्या हिशेबानं दोघांत फरक शून्य. प्रत्यक्षात आयसोब्यूटेन ऊर्जेनं सुमारे ८ किलोज्यूलनी खाली, म्हणजे जास्त स्थिर आहे. मोजणीच्या नजरेला दोन्ही रेणू सारखेच, कोण सरळ आणि कोण फांदीचा हे तिला दिसतच नाही.

फ्रुक्टोजचंही तसंच. द्राक्षात दोन्ही साखरा जवळपास निम्म्या-निम्म्या असतात. दोन्ही कडी धरली तर बंधांची यादी तंतोतंत तीच, म्हणून उत्तरही तेच २१५.

काठावरचा
बरं, हरलो. आता माझ्या उपयोगाचं विचारतो. घरी उरलेल्या वाईनचं व्हिनेगर करायचा प्रयोग चालू आहे. बरणी काही तापलेली वाटत नाही. तिथे उष्णता कमी असते का?

बांधावरून
लेक म्हणते थांबा, करते.

इथेनॉल अधिक ऑक्सिजन, त्यातून ॲसिटिक आम्ल आणि पाणी. तुटणारे ३२३३ + ४९८ = ३७३१. आम्लाचे ३१५२, पाण्याचे ९२६, बेरीज ४०७८. उत्तर उणे ३४७. आम्लातल्या सी=ओला तिनं ७४५ च धरलंय, कारण वेगळा आकडा सापडला नाही. ती विचारतेय, हाही कमी पडणार का?

फळा-खडू
पडणार, आणि ती कशामुळे विचारतेय हे बघून बरं वाटलं. सगळं वायुरूप धरून खरा आकडा उणे ४४० च्या आसपास. इथे चूक तीस-चाळीसची नाही, नव्वदची आहे. आम्लाच्या गटात सी=ओच्या शेजारी लगेच ओ-एच बसलेला, इलेक्ट्रॉन दोन्ही ऑक्सिजनवर पसरतात आणि रेणू साध्या बेरजेपेक्षा जास्त घट्ट होतो. कार्बन डायऑक्साइडचीच गोष्ट, थोडी सौम्य. असे पसरलेले इलेक्ट्रॉन जिथे असतील तिथे साधा सरासरी तक्ता कमी पडतो. बेन्झिनलाही ती पुढे हेच भेटणार आहे.

चिलरवाला
काठावरचा, उष्णता कमी नाही, उलट दांडगी आहे. द्रव अवस्थेत धरलं तर इथेनॉलच्या मोलमागे ४९० च्या आसपास किलोज्यूल. साखर आंबताना इथेनॉलच्या मोलमागे पन्नासच मिळतात, म्हणजे हे जवळपास दहापट झालं. तुमच्या बरणीत हवा फक्त वरच्या पृष्ठभागावरून जाते, काम आठवडेच्या आठवडे चालतं, तेवढ्यात उष्णता निघून जाते. कारखान्यात टाकीच्या तळातून हवा सोडून हेच झपाट्यानं करतात, तिथे कूलिंगची खरी परीक्षा असते. बरणीवर फडकं बांधा, झाकण घट्ट लावू नका, हवा बंद झाली तर काहीच होणार नाही.